जुनी मराठी पुरुषनावं: अर्थ, हाका आणि पुस्तकांतला वावर – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात बाळ येणार म्हटलं की आधी मोबाईलवर नव्या नावांची लिस्ट निघते, मग कुणीतरी आजी म्हणते की आमच्या वेळची नावं काय वाईट होती का, आणि तिथून प्रश्न सुरू होतात. त्यातले परत परत येणारे इथे एकत्र केलेत. काही उत्तरं लांबलीत, काही एका ओळीत संपलीत, कारण त्यांना तेवढंच पुरतं.

ॲपवर नावाचा अर्थ बघितला, तेवढं पुरेल ना?

नव्या नावाला पुरेल, जुन्याला नाही. जुन्या लोकांनी अर्थ बघून नाव ठेवलंच नव्हतं. अर्थच बघायचा तर वामन म्हणजे बुटका, लंबोदर म्हणजे मोठ्या पोटाचा, त्र्यंबक म्हणजे तीन डोळ्यांचा आणि दामोदर म्हणजे पोटाला दोरी बांधलेला, यशोदेनं उखळाला बांधून ठेवलेला तो कृष्ण. आपलं पोरगं बुटकं राहावं असं कुठल्या आईला वाटेल? तरी वामनराव गावोगाव होते. नाव देवाचं असायचं, आजोबाचं असायचं, नवसाचं असायचं, अर्थ त्याच्या मागून फरफटत यायचा. त्यामुळे जुन्या नावाबद्दल खरंच काही कळून घ्यायचं असेल तर तीन गोष्टी विचारा: कुठल्या देवाचं, कुठल्या भागातलं, आणि त्या माणसाला हाक काय मारायचे. तिसरीत सगळ्यात जास्त माल आहे.

विठ्ठल आणि पांडुरंग एकच ना? मग पांडुरंग म्हणजे पांढरा आणि मूर्ती काळी, हे कसं?

देव एकच. पांडुर म्हणजे फिकट पांढरा हेही खरं आणि मूर्ती काळीसावळी हेही खरं. कुणी याची जोड शंकराशी लावतं, कुणी म्हणतं पंढरपूरचं जुनं नाव शिलालेखात पंडरगे असं येतं त्यावरूनच पांडुरंग झालं. विठ्ठल शब्दाचंही तसंच, विटेवर उभा म्हणून विठ्ठल ही लोकांनी लावलेली फोड आहे, आणि विष्णूचं कानडी वळणाचं रूप असंही मानणारे आहेत. अभ्यासकांचं एकमत नाही. वारकऱ्याच्या घरात याचं कुणाला काही पडलेलं नसतं, थोरला विठ्ठल, मधला पांडुरंग, धाकटा पंढरीनाथ, तिन्ही पोरं एकाच देवाची.

जुन्या लेखकांत केशव, नारायण, माधव, विष्णू एवढे का? दुसरी नावं नव्हती का?

संध्या करताना सुरुवातीलाच विष्णूची 24 नावं म्हणतात: केशव, नारायण, माधव, गोविंद, विष्णू, मधुसूदन, त्रिविक्रम, वामन, श्रीधर, हृषीकेश, पद्मनाभ, दामोदर, मग संकर्षण, वासुदेव, प्रद्युम्न, अनिरुद्ध, पुरुषोत्तम, अधोक्षज, नरसिंह, अच्युत, जनार्दन, उपेंद्र, हरी आणि श्रीकृष्ण. मुंज झालेल्या पोराला ही पाठच असायची, त्यामुळे ब्राह्मण घरांत नावं शोधायला लांब जावं लागायचंच नाही. आता आद्याक्षरं उकलून बघा. पु. ल. म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण, वि. वा. म्हणजे विष्णू वामन, ह. ना. आपटे म्हणजे हरी नारायण, ना. सी. फडके म्हणजे नारायण सीताराम, प्र. के. अत्रे म्हणजे प्रल्हाद केशव. विंदा करंदीकर हे मुळात गोविंद विनायक, त्यातल्या गोविंदाचा गो गाळून राहिलं ते विंदा, आणि मला तरी मराठीतलं सगळ्यात कमी खर्चात तयार झालेलं टोपणनाव हेच वाटतं.

अधोक्षज मात्र कुणी ठेवलेलं बघण्यात नाही. तुमच्या घरात असला तर त्याला नमस्कार सांगा.

खांडेकर आणि कुसुमाग्रज दोघांची नावं मधेच बदलली होती म्हणतात, खरं का?

खरं, आणि योगायोग मजेशीर आहे. वि. स. खांडेकर जन्मले गणेश आत्माराम म्हणून, दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. कुसुमाग्रज जन्मले गजानन रंगनाथ शिरवाडकर म्हणून, तेही दत्तक गेले आणि विष्णू वामन झाले. म्हणजे दोन गणपतींचे दोन विष्णू झाले, आणि दोघांनाही पुढे ज्ञानपीठ मिळालं, खांडेकरांना 1974 चं आणि कुसुमाग्रजांना 1987 चं.

दत्तक गेलं की बापाचं नाव तर बदलतंच, पण पुष्कळदा स्वतःचंही बदलायचं. राजघराण्यांत तर सर्रास. बडोद्याचे सयाजीराव हे कवळाण्याचे गोपाळराव, 1875 मध्ये दत्तक गेले. कोल्हापूरचे शाहू महाराज हे कागलच्या घाटग्यांचे यशवंतराव, 1884 मध्ये दत्तक गेले.

नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत होती ना? मग घरात गोंधळ व्हायचा नाही का?

व्हायचा, आणि इतिहासाच्या पुस्तकात तो अजून चालू आहे. पेशव्यांचं घराणं घ्या. विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाळाजी, त्याचा मुलगा बाजीराव ज्याचं पाळण्यातलं नाव विसाजी, म्हणजे आजोबा विश्वनाथच परत आले, आणि बाजीरावाचा मुलगा पुन्हा बाळाजी, ज्याला आपण नानासाहेब म्हणतो. त्यात भर म्हणून नाना फडणवीसाचंही खरं नाव बाळाजीच, बाळाजी जनार्दन भानू. म्हणजे तीन बाळाजी आणि त्यातले दोन नाना. शाळेत या प्रश्नाला मार्क गेले असतील तर त्यात तुमची काही चूक नव्हती.

घरात यावर तोडगा म्हणजे हाकेचं नाव. सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, आणि पोराचं नाव तर तेच, मग ती त्याला रागावणार कशी? म्हणून बाळ, बापू, नाना, अप्पा, तात्या, भाऊ, बंडू. टिळकांचं नाव केशव, पण आयुष्यभर आणि आयुष्यानंतरही बाळ गंगाधर. कधीकधी हाकेचं नाव इतकं चिकटतं की खरं नाव लग्नपत्रिकेवर वाचून गाव विचारतं, हा कोण बुवा?

गणपतीची नावं तर सगळीकडे सारखीच असतील?

गणेश, गजानन, विनायक सगळीकडे. पण मोरेश्वर आणि त्याचं मोरो हे मोरगावचं, चिंतामण थेऊरचा, आणि बल्लाळ हा पालीचा. यातला बल्लाळ खास आहे कारण ते नाव मुळात देवाचं नाहीच, भक्ताचं आहे. बल्लाळ नावाच्या पोराची भक्ती बघून देवानं त्याचं नाव घेतलं अशी कथा, अष्टविनायकांत भक्ताच्या नावानं ओळखला जाणारा हा एकच.

कुलदैवतावरून नाव म्हणजे नक्की कसं? आमचं कुलदैवत जेजुरीचं आहे.

मग तुमच्याकडे पर्याय भरपूर. खंडोबावरून खंडू, खंडेराव, खंडोजी, मल्हार, मल्हारी, मार्तंड, म्हाळसाकांत. मल्हार म्हणजे मल्ल अधिक अरी, मल्ल दैत्याचा शत्रू. आता हे नाव परत जोरात आलंय आणि पुष्कळ आईबाप ते पावसाच्या रागावरून ठेवतात, ठेवू द्या, पण जेजुरीच्या पायऱ्यांवर भंडारा उधळणाऱ्याला राग वगैरे सांगायला जाऊ नका.

इतरांचं बघायचं तर कोल्हापूरच्या बाजूला जोतिबावरून जोती, जोतिबा, केदारी. जोतीराव फुल्यांचं नाव जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी जन्मले म्हणून ठेवलं असं सांगतात. धनगरांत बिरोबावरून बिरू, बिरदेव. भैरोबावरून भैरू, म्हसोबावरून म्हसू. कृष्णाकाठी, नरसोबाच्या वाडीच्या टापूत, दत्तात्रय, नरहरी, श्रीपाद, दिगंबर, अवधूत. सोलापुरात सिद्धेश्वरावरून सिद्राम, सिद्धाराम, आणि लिंगायत घरांत शेवटी आप्पा, बसप्पा, मल्लाप्पा, कारण कर्नाटक तिथून हाकेच्या अंतरावर. गोव्यात प्रियोळच्या मंगेशीवरून मंगेश, तसंच नागेश, रामनाथ, दामोदर. मंगेश पाडगावकर वेंगुर्ल्याचे, म्हणजे त्याच पट्ट्यातले.

देवी कुलदैवत असेल तर मुलाचं नाव कसं ठेवायचं असंही विचारतात. दास किंवा राम जोडून: अंबादास, रेणुकादास, तुळजाराम. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव शिवनेरीच्या शिवाई देवीवरून ठेवलं असं परंपरेनं सांगतात, त्यात तर काही जोडावंही लागलं नाही, नुसता जी. आणि संभाजी हे नाव थोरल्या भावाचं, शिवरायांचे मोठे बंधू संभाजी कनकगिरीला मारले गेले, पुढे 1657 मध्ये पुरंदरावर मुलगा झाला त्याला तेच नाव दिलं.

शहाजी हे नाव पिरावरून आहे का?

परंपरा तसंच सांगते. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला, दोन मुलगे झाले, एकाचं नाव शहाजी आणि दुसऱ्याचं शरीफजी. अशी नावं खेड्यापाड्यांत नवीन नव्हती, पिराला, फकिराला नवस करून झालेला मुलगा म्हणजे फकिरा, फकीरचंद, फकीरराव. अण्णा भाऊ साठ्यांची 'फकिरा' (1959) वाचताना तरुण वाचक कधीकधी नायक मुसलमान आहे असं धरून चालतात, तो मांग समाजातला आहे, बापाचं नाव राणोजी. आणि अण्णा भाऊंचं स्वतःचं नाव तुकाराम.

धोंडू, दगडू, केरू, कचरू... आईबापांना पोर नकोसं होतं का?

उलट. आधीची दोनतीन पोरं जगली नाहीत की पुढच्याला असं नाव ठेवायचे. दगड आहे, केर आहे, उकिरड्यावरचं आहे, याला कोण नेणार, दृष्ट कोण लावणार. भिकू, भिकाजी म्हणजे भिकेत मिळालेला. कोंडिबा, कोंडाजीत धान्याचा कोंडा. पोर जगावं म्हणून त्याची किंमत मुद्दाम पाडायची. अधिक महिन्याला धोंड्याचा महिना म्हणतात, त्यात जन्मला म्हणूनही काही घरांत धोंडू ठेवायचे, आणि जरा शास्त्र बघणाऱ्या घरात त्याच महिन्याचं पोर पुरुषोत्तम व्हायचं. नाव काही वाया जात नाही, धोंडो केशव कर्वे 1858 मध्ये जन्मले आणि 104 वर्षं जगले.

पण एवढं सांगून थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. मनुस्मृतीत लिहिलेलं आहे की ब्राह्मणाचं नाव मंगल असावं, क्षत्रियाचं बळाचं, वैश्याचं धनाचं आणि शूद्राचं तिरस्कार वाटेल असं. म्हणजे कर्व्यांच्या घरातला धोंडो नवसाचा असू शकतो, पण महारवाड्यात एका पिढीत चार कचरू आणि चार दगडू असतील तर ते नुसतं दृष्टीचं काम नव्हे. दया पवारांचं 'बलुतं' (1978) या नावावरच उभं आहे. शिकलेला, शहरात नोकरी करणारा दया पवार ऐकतोय आणि दगडू मारुती पवार त्याला आपली कहाणी सांगतोय, आणि दोघं एकच माणूस. जुनं नाव सोडलं तरी ते समोर येऊन बसतं. मराठीत नावाचा इतका थेट उपयोग दुसऱ्या कुठल्या आत्मकथनात झालेला मला आठवत नाही.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धर्मांतर झालं आणि पुढच्या पोरांची नावं बदलली: सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, मिलिंद. बाबासाहेबांनी त्याआधीच मुंबईच्या कॉलेजला सिद्धार्थ आणि औरंगाबादच्या कॉलेजला मिलिंद नाव दिलं होतं. मिलिंद म्हणजे बौद्ध ग्रंथातला मिनँडर, ग्रीक राजा, भिक्खूला प्रश्न विचारणारा. कोंडिबाचा नातू मिलिंद, दोन पिढ्यांत एवढा पल्ला.

धोंडो आणि धुंडिराज एकच का?

नाही. धुंडिराज हा काशीचा ढुंढिराज गणपती. दादासाहेब फाळके धुंडिराज गोविंद होते, धोंडो नव्हते.

नारो, मोरो, विसो, राघो हे ओकारांत प्रकरण काय आहे?

जुन्या कागदपत्रांतली लेखी रूपं. नारायणाचा नारो, मोरेश्वराचा मोरो, रघुनाथाचा राघो, रंगनाथाचा रंगो. पुढे बापाचं नाव चा-ची न लावता सरळ: मोरो त्रिंबक, अण्णाजी दत्तो, रंगो बापूजी.

बा, जी, राव, पंत, शेट यांत फरक काय? कुणालाही काहीही लावलं तर चालतं का?

आता चालतं. पूर्वी नावाला लावलेल्या शेपटीवरून माणूस कोण, गाव त्याला कुठे बसवतं, सगळं कळायचं. पंत म्हणजे ब्राह्मण, बहुतेक लेखणीवाला. राव म्हणजे मानाचा, मराठा सरदारापासून सुरू झालेला आणि पुढे सगळ्यांनी घेतलेला. 'पंत मेले राव चढले' ही म्हण उगाच नाही आलेली. शेट म्हणजे सोनार, वाणी, व्यापार करणारा. नाना शंकरशेटांच्या बाबतीत तर बापाचं नाव अधिक शेट हेच आडनाव होऊन बसलं. जी सगळीकडे, पण शिवकाळात सैनिकांची नावं बघितली तर जी-च जी: तानाजी, येसाजी, संताजी, धनाजी. बा मात्र वेगळा, त्यात वडीलपण आहे आणि जवळीकही. विठोबा, ज्ञानोबा, तुकोबा. ज्ञानेश्वर म्हटलं की ग्रंथ समोर येतो, ज्ञानोबा म्हटलं की पालखी.

पुलंच्या 'अंतू बर्वा'त ही शेपटी किती कामाला लावलीय बघा. अनंताचा अंतू झाला, तो रत्नागिरीचा ब्राह्मण, म्हणजे पंत व्हायला हवा, पण लोक म्हणतात अंतूशेट. का, तर एकेकाळी बंदरावर दुकान काढलं होतं. दुकान बुडालं, शेट राहिला. त्या माणसाचं सगळं आयुष्य त्या दोन अक्षरांत आहे.

गण्या, राम्या, पक्या असं 'या' लावणं म्हणजे अपमान ना?

कोण लावतंय त्यावर. मित्रानं लावला तर मित्र, मालकानं गड्याला लावला तर हिणवणं. जुन्या कथांत पाटील कुणाला 'या' लावून बोलतो आणि कुणाला राव लावून, एवढं जरी पेन्सिलीनं खुणा करत वाचलं तरी गावाचा नकाशा निघतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'माणदेशी माणसं' (1949) मध्ये एकाच पुस्तकात धर्मा रामोशी, झेल्या, नामा मास्तर, कोंडिबा गायकवाड, रघू कारकून असे शेजारी शेजारी बसलेत. नुसती नावं वाचली तरी कोण शाळेत जातो, कोण राखण करतो ते कळतं.

आणि 'या'ची हद्द म्हणजे जनाबाई. तिनं थेट देवाला लावला: 'अरे विठ्या अरे विठ्या, मूळ मायेच्या कारट्या'. पंढरीच्या राजाला कारटं म्हणायची हिंमत मंत्र म्हणणाऱ्याची होणार नाही, ती दळण दळणारीचीच होते. नामदेवाच्या घरी ती दासी होती आणि ते घर बघा कसं हाका मारायचं: वडील दामाशेटी, मुलगे नारा, विठा, गोंदा, महादा. म्हणजे नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. घरात चार देव, आणि चौघांना जेवायला बोलवायची हाक मात्र दोन-तीन अक्षरांची.

निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ताई, ही नावं क्रमानं ठेवली होती का?

संसारातून निवृत्ती, मग ज्ञान, मग सोपान म्हणजे जिना, आणि शेवटी मुक्ती. कीर्तनकार हा क्रम हमखास लावतात आणि श्रोते हमखास मान डोलावतात. वडील विठ्ठलपंत संन्यास घेऊन परत संसारात आलेले, तेव्हा पहिल्या मुलाचं नाव निवृत्ती ठेवताना त्यांच्या मनात काय असेल याचा विचार मला त्या जिन्यापेक्षा जास्त ओढतो.

संत अभंगाच्या शेवटी स्वतःचंच नाव का घालतात?

त्याला नाममुद्रा म्हणतात. छापखाना नव्हता, अभंग तोंडोतोंडी जायचा, त्यामुळे कुणाचा ते आतच शिवून ठेवावं लागायचं. पण प्रत्येकानं कसं शिवलंय त्यात गंमत आहे. तुकाराम सरळ: तुका म्हणे. पूर्ण नाव नाही, राव नाही, बा नाही, घरचे हाक मारतील तसं. नामदेव: नामा म्हणे. चोखोबा: चोखा म्हणे. गोरोबा जातीधंद्यासकट: म्हणे गोरा कुंभार. एकनाथ मात्र एकटे येतच नाहीत, एका जनार्दनीं, म्हणजे जनार्दनस्वामींचा एका, गुरूचं नाव आधाराला घेऊन. ज्ञानदेव अभंगांत पुष्कळदा स्वतःचं नावच टाळतात आणि बापरखुमादेविवरु म्हणतात, आईबापांची नावंही रुक्मिणी आणि विठ्ठलच, त्यामुळे तिथे देव आणि घर एकमेकांत मिसळून जातात. ज्ञानेश्वरीच्या शेवटी मात्र शके 1212 च्या उल्लेखासोबत त्यांचं नाव स्पष्ट येतं. समर्थ तर मूळचे नारायण सूर्याजी ठोसर, सही करतात रामदास किंवा नुसतं दास.

लोकांनीही या छोट्या रूपांवरूनच परंपरा बांधली: 'ज्ञानियाचा एका, नामयाचा तुका, कबीराचा शेका'. शेका म्हणजे श्रीगोंद्याचे शेख महंमद, 'योगसंग्राम' लिहिणारे. शेख महंमदाचा शेका करून त्याला एका आणि तुकाच्या ओळीत बसवला, आणि यमकही जुळलं.

शाहिरांत बघायचं तर होनाजी बाळा हा एक माणूस नव्हता, होनाजी आणि बाळा असे दोघं होते. नावं जोडून लावली आणि लोकांनी दोघांचा एकच करून टाकला.

मोरोपंतांच्या 'केकावली'चा त्यांच्या नावाशी काही संबंध?

पूर्ण संबंध. केका म्हणजे मोराचा टाहो. बारामतीचे मोरोपंत पराडकर, नाव मोरेश्वरावरून, म्हणजे शेजारच्या मोरगावच्या गणपतीवरून, त्याचा त्यांनी स्वतःच मोर केला आणि देवाला घातलेली साद म्हणजे केकावली. लोकांनीही ते उचललं, 'सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची, ओवी ज्ञानेशाची किंवा आर्या मयूरपंताची'. एका श्लोकात चार कवी, चार वृत्तं. परीक्षेला बसणाऱ्यांनी तेवढा एक पाठ केला तरी भागतं.

कवी केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज अशी नावं का घ्यायचे?

नात्यातून नाव घ्यायची फॅशनच होती. कृष्णाजी केशव दामले हे केशवचा मुलगा म्हणून केशवसुत. राम गणेश गडकरी गोविंदाचे थोरले भाऊ म्हणून गोविंदाग्रज, आणि विनोद लिहायचा असला की बाळकराम. शिरवाडकर बहीण कुसुमचे थोरले म्हणून कुसुमाग्रज, इथे पहिल्यांदा बहिणीचा नंबर लागला. अत्र्यांनी विडंबनासाठी केशवकुमार घेतलं. नंतर हे सुत-अग्रज प्रकरण ओसरलं आणि अनिल, बी, ग्रेस अशी बापाचा पत्ता न देणारी नावं आली. आत्माराम रावजी देशपांड्यांचं अनिल होणं त्या काळी फारच मॉडर्न वाटलं असणार.

कथाकादंबऱ्यांत नाव निवडताना लेखक खरंच एवढा विचार करतात?

चांगले करतात. 'कोसला'चा (1963) नायक पांडुरंग सांगवीकर आहे, खानदेशातून पुण्याला शिकायला आलेला. त्याचं नाव शेखर किंवा दिलीप असतं तर ती कादंबरी पहिल्याच पानावर दुसऱ्या कुणाची झाली असती. चिं. वि. जोश्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ ही जोडी केली, नुसत्या नावावरून कळतं कोण घाबरणारा आणि कोण दंड थोपटणारा. 'गारंबीचा बापू' (1952) मध्ये नावापुढे आडनाव नाही, गाव आहे. पुलंचा नारायण तर पुस्तकातून उठून बाहेरच आला, लग्नात धावपळ करणाऱ्याला आजही लोक 'आमचा नारायण' म्हणतात.

आणि सखाराम. पुलंचा सखाराम गटणे पुस्तकं वाचून वाचून वेडा झालेला, तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर पुस्तकं बांधणारा. नाव तेच, धंदा पुस्तकाचाच, आणि दोघांना एका खोलीत बसवलं तर काय होईल याची कल्पना करून बघा.

म्हणींत कुठली नावं येतात?

'अडला हरी गाढवाचे पाय धरी', 'सोम्यागोम्या', 'झारीतले शुक्राचार्य', 'सुदाम्याचे पोहे'. सोमा आणि गोमा ही एकेकाळी साधी चालती नावं होती, म्हणीत अडकल्यावर मात्र कुणी ठेवायला धजावत नाही.

उखाण्यात नवऱ्याचं नाव घ्यायचं तर जुनं नाव अडचणीचं होतं का?

उलट सोयीचं. जुन्या नावाला राव लागतो आणि ओळीचा ताल सांभाळला जातो. 'तव्यावर फुगली भाकरी गोल, मल्हाररावांचं नाव घेते, तुम्ही वाजवा ढोल' असलं काहीतरी कुणीही जुळवेल. एरवी नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही आणि घ्यायचंच तर यमकात, त्यामुळे बायकांनी पुरुषांच्या नावांवर जेवढी काव्यं केलीत तेवढी कवींनीही केली नसतील, फक्त ती कुणी छापली नाहीत.

बारशाला नाव कोण ठेवतं? राशीचं अक्षर पाळायलाच पाहिजे का?

नाव आत्या ठेवते. बाराव्या दिवशी पाळण्याखालून बाळ 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत इकडून तिकडे देतात, मग आत्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते आणि बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. अक्षराचं म्हणाल तर 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, म्हणून 108 अक्षरं, अश्विनीला चू चे चो ला असं ते चालतं. पुष्कळ घरांत ते नाव पत्रिकेपुरतं ठेवून व्यवहारात दुसरंच वापरतात. चू वरून नाव शोधून दाखवा, मग कळेल का ते.

जन्मदाखल्यावर नाव कसं लिहायचं?

महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्यांसाठी सरकारी कागदांवर मुलाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. फॉर्मवर पूर्ण रूप लिहा, घरात बापू म्हणा की बंडू. दत्तात्रय की दत्तात्रेय हे आधीच ठरवा, कारण दाखल्यावर एक आणि पासपोर्टवर दुसरं झालं की पुढची सगळी वर्षं ॲफिडेव्हिट करण्यात जातात.

जुनं नाव ठेवलं तर पोराला शाळेत चिडवतील का?

चिडवणारे आरव वरूनही चिडवतात. माधव, राघव, केदार, मल्हार, श्रीधर ही बिनधास्त ठेवा, कुणाला जुनी वाटतही नाहीत. त्रिविक्रम, हेरंब, मार्तंड यांना थोडी छाती लागते. ठरवायच्या आधी गॅलरीत उभं राहून खाली खेळणाऱ्या पोराला बोलवतोय अशी एकदा मोठ्यानं हाक मारून बघा, मग त्याला 'या' लावून बघा कारण मित्र तेच लावणार आहेत, आणि राव लावूनही बघा कारण कधीतरी कुणीतरी उखाण्यात तेच घेणार आहे. तिन्ही वेळा कानाला बरं वाटलं तर आत्याला फोन करा.